कराटेचें कूळ आणि मूळ

नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ शोधूं नये, असें आपल्याकडे पूर्वापार सांगत आले आहेत. ह्या म्हणींतील शहाणपण आम्हांस मान्य आहे. परंतु इतिहास हा विषयच असा आहे कीं, त्यांत कूळ आणि मूळ शोधल्यावांचून एक पाऊलहि पुढें टाकतां येत नाहीं. शिवाय कांहीं नद्या अशा असतात कीं, त्यांचा उगम आपल्याच शिवारांत आहे असें सांगणारीं चार गांवें एकाच वेळीं भांडत उभीं असतात. अशा प्रसंगीं खरा उगम कोणता ह्या प्रश्नाइतकाच, तो आपल्या शिवारांत असावा असें प्रत्येकास कां वाटतें, हा प्रश्नहि विचारांत घेण्याजोगा ठरतो. कराटे ही विद्या अशा नद्यांपैकींच एक होय.

आज आमच्या शहरांतून आणि तालुक्याच्या गांवींहि, संध्याकाळच्या वेळीं शाळेच्या पटांगणावर पांढरा पोशाख घातलेलीं मुलें रांगेनें उभीं राहून हातापायांचे आघात गिरवितांना दिसतात. त्यांच्या आईबापांस विचारलें, तर ही जपानी विद्या आहे असें उत्तर मिळेल. कोणी थोडें अधिक वाचलेला असेल तर तो चीनमधील शाओलिन मठाचें नांव घेईल. आणि त्याहून अधिक स्वदेशाभिमानी असेल तो सांगेल कीं, हें सारें बोधिधर्म नांवाच्या भिक्षूनें दक्षिण हिंदुस्थानांतून चीनला नेलें आणि तेथून तें जपानांत गेलें. ज्या बेटावर ही विद्या प्रत्यक्ष वाढली, त्या ओकिनावाचें नांव मात्र क्वचितच कोणाच्या तोंडीं येतें. ह्या सर्व दाव्यांची छाननी करण्याचा आम्ही येथें प्रयत्न करणार आहों.

प्रथम स्थळाचा परिचय करून घेतला पाहिजे. जपानचें क्यूशू बेट आणि तैवान ह्यांच्या दरम्यान समुद्रांत लहानमोठ्या बेटांची एक लांब माळ पसरलेली आहे. तिला र्‍युक्यू म्हणतात, आणि ओकिनावा हें तींतील सर्वांत मोठें बेट. १३७२ मध्यें येथील चूझान राज्यानें चीनच्या मिंग बादशहाशीं खंडणीचा, म्हणजे वस्तुतः व्यापाराचा, संबंध जोडला. परंपरेप्रमाणें १३९२ मध्यें चीनच्या फूज्यान प्रांतांतून कांहीं घराणीं येऊन नाहा बंदराजवळ कुमे येथें स्थायिक झालीं. त्यांस छत्तीस घराणीं असें म्हणतात. जहाजें हांकणें, दुभाष्याचें काम करणें आणि दरबारचीं चिनी पत्रें लिहिणें हा त्यांचा व्यवसाय होता. १४२९ मध्यें बेटावरील तीन राज्यें एक झालीं आणि शुरी येथें राजधानी राहिली. पुढें १६०९ मध्यें दक्षिण जपानांतील सात्सुमा संस्थानानें स्वारी करून हें राज्य अंकित केलें. परंतु चीनशीं चाललेला किफायतशीर व्यापार बंद पडूं नये म्हणून तें स्वतंत्र असल्याचा देखावा कायम ठेवला. अशा रीतीनें अडीचशें वर्षांहून अधिक काळ हें चिमुकलें राज्य दोन धन्यांची मर्जी एकाच वेळीं सांभाळीत होतें. अखेर १८७९ मध्यें जपान सरकारनें तें खालसा करून त्याचा ओकिनावा प्रांत बनविला आणि राजास टोकियोस नेऊन ठेवलें. खालसा ह्या शब्दाचा अर्थ, १८४८ मध्यें सातारा गमावलेल्या महाराष्ट्रास निराळा सांगावयास नको.

आतां दाव्यांकडे वळूं. आणि न्यायाच्या दृष्टीनें प्रथम आपल्याच दाव्याची तपासणी करूं. बोधिधर्माचा सर्वांत जुना उल्लेख सांपडतो तो यांग श्वानझी ह्या चिनी ग्रंथकारानें ५४७ च्या सुमारास लोयांग नगरींतील मठांचें जें वर्णन लिहिलें त्यांत. तेथें तो पश्चिमेकडून आलेला इराणी भिक्षु आहे, आणि एका उंच मनोऱ्याची शोभा पाहून तो थक्क झाला एवढेंच त्याच्याविषयीं सांगितलें आहे. त्यानंतर तानलिन नामक भिक्षूच्या लेखांत तो दक्षिण हिंदुस्थानांतील राजपुत्र म्हणून येतो. ह्या दोन्ही लेखांत शाओलिन मठाचें नांव नाहीं आणि मुष्टियुद्धाचा तर गंधहि नाहीं. त्याचा शरीरसाधनेशीं संबंध जोडणारें जें ‘यीजिन जिंग’ नांवाचें व्यायामाचें पुस्तक आहे, तें सतराव्या शतकांतील, म्हणजे त्याच्यानंतर हजार वर्षांनीं रचलेलें. त्याला जोडलेल्या प्राचीन सेनापतींच्या प्रस्तावना बनावट आहेत, हें तांग हाव ह्या चिनी संशोधकानें १९३० मध्येंच सप्रमाण दाखविलें. शाओलिनचे भिक्षु लढले ही गोष्ट मात्र खरी. ६२१ मध्यें त्यांनीं तांग घराण्याच्या राजपुत्रास साहाय्य केल्याचा शिलालेख त्या मठांत आहे. परंतु सोळाव्या शतकापर्यंत त्या मठाची जी कीर्ति होती ती लाठीची; रित्या हाताची विद्या तेथें नांवारूपास आली ती त्यानंतर. केरळांतील कळरीपयट्टु आणि चीनमधील हा मठ ह्यांना जोडणारा एकहि समकालीन लेख पुढें आलेला नाहीं.

ही कथा केवळ आपणच सांगतों असेंहि नव्हे. खुद्द कराटेच्या जपानी पुस्तकांतून ती आदरानें दिलेली आढळते. उलट, ज्या इतोसु आंको ह्यांनीं ही विद्या ओकिनावाच्या शाळांतून सुरू केली, त्यांनीं १९०८ मध्यें शिक्षणखात्यासाठीं लिहिलेल्या दहा कलमांच्या पत्राचा आरंभच असा आहे कीं, ही विद्या बौद्ध धर्मांतून किंवा कन्फ्यूशियसच्या मतांतून निघालेली नाहीं. पूर्वीं तिच्या दोन शाखा चीनमधून आल्या. स्वतः हयातभर ही विद्या केलेल्या वृद्ध गुरूची ही साक्ष अभिमानाच्या कथेहून आम्हांस अधिक मोलाची वाटते.

दुसरी कथा ओकिनावाचीच आहे, आणि ती फारच हृदयंगम आहे. परकी सात्सुमा सरदारांनीं शस्त्रें हिरावून घेतलीं, तेव्हां गरीब शेतकऱ्यांनीं रात्रीं गुपचूप सराव करून आपले हात हेंच शस्त्र बनविलें, अशी ही कथा. तिच्या आधारास आणखी एक पुरावा दिला जात असे, तो असा कीं, राजा शो शिन ह्यानें सोळाव्या शतकाच्या आरंभींच शस्त्रबंदी केली. परंतु शुरीच्या राजवाड्याच्या कठड्यावर १५०९ मध्यें कोरलेल्या ज्या लेखावरून हें अनुमान काढलें जाई, त्याचा अर्थ अलीकडील इतिहासकार नेमका उलट लावतात. तलवारी आणि धनुष्यबाण राज्याच्या रक्षणासाठीं सांठवून ठेवले, असें त्यांत राजाचें गौरवानें वर्णन आहे. सात्सुमांनीं शस्त्रांवर निर्बंध घातले हें खरें. पण शेतकऱ्यांविषयीं बोलावयाचें तर ज्या ज्या जुन्या गुरूंचीं नांवें आपणांस ठाऊक आहेत, ते बहुतेक शुरी आणि नाहा येथील खानदानी दरबारी वर्गांतले आहेत. मात्सुमुरा सोकोन हे राजाच्या पदरचे शरीररक्षक, इतोसु हे दरबारीं लेखनिक. राज्य खालसा झाल्यावर ह्याच वर्गाच्या नेमणुका बुडाल्या आणि त्याला पोटासाठीं दुसरे मार्ग शोधावे लागले. शेतकऱ्यांची कथा पराभूत बेटाच्या मनाला धीर देणारी आहे हें उघड आहे; परंतु धीर देणारी कथा ही पुरावा होऊं शकत नाहीं.

आतां चीनच्या बाजूचा पुरावा पाहूं. १७६२ मध्यें र्‍युक्यूचें एक जहाज वादळांत सांपडून जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्याला लागलें. त्यावरील लोकांपासून मिळालेली माहिती तेथील एका विद्वानानें लिहून ठेविली. तिला ‘ओशिमा हिक्की’ असें म्हणतात. त्यांत सांगितलें आहे कीं, कांहीं वर्षांपूर्वीं कूशांकू नांवाचा एक चिनी मनुष्य शिष्यांसह बेटावर आला होता, आणि अंगानें किरकोळ असूनहि तो बळकट माणसास लोळवीत असे. चीनचा बादशहा र्‍युक्यूच्या नव्या राजास मान्यतेचीं वस्त्रें देण्यासाठीं वकील पाठवीत असे, आणि असे वकील शेंकडों माणसांच्या लवाजम्यासह कित्येक महिने नाहा येथें मुक्काम करीत. १७५६ मध्यें आलेल्या अशाच एका वकिलातीबरोबर कूशांकू आला असावा, असें सामान्यतः मानितात. कूशांकू हें माणसाचें नांव कीं पदवी, ह्याविषयीं वाद आहे; परंतु त्याच नांवाची एक ‘काता’, म्हणजे लढाईच्या हालचालींची ठरीव बांधलेली मालिका, कराटेंत आजहि शिकविली जाते.

ह्या कातांचीं नांवें हाच दुसरा, आणि आमच्या मतें अधिक बळकट, पुरावा होय. सेसान म्हणजे तेरा, सानसेरू म्हणजे छत्तीस, सुपारिंपेई म्हणजे एकशें आठ. हे जपानी भाषेंतील नेहमींचे आंकडे नव्हेत. हे दक्षिण चीनमधील उच्चार बेटावरच्या जिभेवर घोळून बनलेले शब्द आहेत. १८६६ मध्यें शेवटची चिनी वकिलात येऊन गेल्यावर पुढच्या वर्षीं शुरी येथें जो समारंभ झाला, त्याच्या कार्यक्रमांत कुमे येथील मंडळींनीं करून दाखविलेल्या तेरा पावलांच्या आणि एकशें आठ पावलांच्या खेळांची नोंद आहे. सानचिन नांवाची जी काता श्वासावर ताबा ठेवून सावकाश केली जाते, तिचीं भावंडें फूज्यान प्रांतांतील श्वेत-बक पंथांत आणि त्याच्या शेजारच्या पंथांत आजहि नांदत आहेत.

तिसरा पुरावा माणसांचा. फूज्यानची राजधानी फूचौ येथें र्‍युक्यूच्या वकिलांसाठीं आणि विद्यार्थ्यांसाठीं स्वतंत्र वसतिस्थान होतें. नाहाचे हिगाओन्ना कान्र्‍यो हे एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकांत फूचौस जाऊन र्‍यू र्‍यू को नामक गुरूजवळ राहिले. उएची कान्बुन हे १८९७ मध्यें तेथेंच गेले आणि सुमारें एक तप राहून परतले. ह्या दोघांपासून कराटेचे दोन मोठे पंथ निघाले. ह्याशिवाय ‘बुबिशी’ नांवाचें एक चिनी हस्तलिखित ओकिनावाच्या गुरूंच्या घरीं नकलून जतन केलेलें होतें. त्यांत श्वेत-बक पंथाची उत्पत्ति, मर्मस्थानें, औषधें आणि पकडींचीं चित्रें आहेत. हिगाओन्ना ह्यांचे शिष्य मियागी चोजुन ह्यांनीं आपल्या पंथास गोजू, म्हणजे कठिण-मृदु, हें नांव दिलें तें ह्याच पुस्तकांतील एका वचनावरून.

एवढें वाचून कोणी म्हणेल कीं, मग वाद कसला? कराटे ही चिनी विद्याच ठरली. परंतु हा निकालहि घाईचा होईल. बेटावर ‘ती’, म्हणजे हात, ह्या नांवाची स्वतःची झुंजविद्या होती, अशी तेथील परंपरा आहे. मात्सुमुरा ह्यांनीं फूचौ पाहिलें तसेंच सात्सुमा येथें राहून तेथील जिगेन पंथाची तलवारहि अभ्यासिली. हिगाओन्ना ह्यांनीं उघड्या पंज्यानें शिकलेली सानचिन पुढें त्यांच्या परंपरेंत मुठी आवळून होऊं लागली. इतोसु ह्यांनीं शाळकरी मुलांसाठीं पिनान नांवाच्या पांच सोप्या काता नव्यानेंच बांधल्या आणि त्यांतील घातक अंग मागें ठेवून कवायतीचें अंग पुढें आणिलें. पुढें जपानांत गेल्यावर पांढरा पोशाख, रंगीत पट्टे आणि दर्जांची पद्धति हीं ज्यूदोकडून आलीं, आणि विद्यार्थ्यांच्या मंडळांतून मोकळ्या झुंजीचा प्रकार वाढला. आज फूचौच्या एखाद्या जुन्या गुरूसमोर हा खेळ मांडला, तर त्यांतील कांहीं हालचाली तो ओळखील, आणि बाकीच्या पाहून हें काय म्हणून विचारील. फार काय, र्‍यू र्‍यू को हे नक्की कोण, ह्याविषयींहि संशोधकांचें एकमत नाहीं. स्वतः मियागी ह्यांनीं १९३४ मध्यें ह्या विषयावर लिहितांना छत्तीस घराण्यांचें मत, ओशिमा हिक्कीवरून निघणारें मत आणि सात्सुमांच्या स्वारीनंतरच्या आयातीचें मत, अशीं तीन मतें नोंदून ठेविलीं; त्यांपैकीं एकाचाहि झेंडा हातीं घेऊन ते नाचले नाहींत. हा संयम अनुकरणीय आहे.

कराटेच्या इतिहासांतील सर्वांत बोलका प्रसंग ह्यानंतरचा आहे, आणि तो तिच्या नांवासंबंधीं आहे. जुन्या काळीं हें नांव ज्या दोन अक्षरांनीं लिहीत, त्यांतील पहिलें अक्षर तांग घराण्याचें, म्हणजे चीनचें, आणि दुसरें हाताचें. अर्थ ‘चिनी हात’. त्याचा उच्चार ‘तोदे’ असा होई आणि ‘करा-ते’ असाहि होई. आतां जपानी भाषेंत ‘करा’ असाच उच्चार असलेलें दुसरें एक अक्षर आहे, त्याचा अर्थ रिकामा. उच्चार तोच ठेवून अक्षर बदललें कीं ‘चिनी हात’ हा ‘रिता हात’ होतो. हें दुसरें अक्षर हानाशिरो चोमो ह्यांनीं १९०५ मध्येंच वापरलें होतें. तथापि १९२२ मध्यें फुनाकोशी गिचिन टोकियोस गेले आणि त्यांनीं आपलें पहिलें पुस्तक प्रसिद्ध केलें, तेव्हां त्याच्या मुखपृष्ठावर जुनेंच अक्षर होतें. १९२९ मध्यें टोकियोच्या केइओ विद्यापीठांतील मंडळानें नवें अक्षर घेतलें, आणि १९३५ च्या आपल्या ग्रंथांत फुनाकोशी ह्यांनीं त्याला बौद्ध शून्यवादाचा अर्थ जोडला. त्याच ओघांत कातांचीं चिनी नांवेंहि बदललीं. पिनान ही हेइआन झाली आणि कूशांकू ही कांकू झाली.

२५ ऑक्टोबर १९३६ रोजीं नाहा येथें एका वर्तमानपत्राच्या पुढाकारानें गुरुमंडळींची बैठक भरली आणि नव्या अक्षरास संमति मिळाली. त्या बैठकींत मियागी ह्यांनीं सांगितलें कीं, आपण रूढ असलेलें जुनेंच अक्षर वापरतों, आणि शिकावयास येणारे लोक तर नुसतें ‘हात शिकवा’ एवढेंच म्हणतात. ह्या साध्या उद्गारांत बेटाचा सारा स्वभाव दिसतो. परंतु काळ निराळा होता. १९३१ मध्यें जपाननें मांचुरिया घेतला होता आणि ह्या बैठकीनंतर वर्ष पुरें होण्यापूर्वींच, जुलै १९३७ मध्यें, चीनशीं उघड युद्ध पेटलें. शत्रूच्या देशाचें नांव कपाळीं घेऊन कोणती विद्या त्या वेळच्या जपानांत मानानें मिरवूं शकली असती? ज्यांनीं नांव बदललें त्यांस आम्ही दोष देत नाहीं. खालसा झालेल्या बेटाच्या लोकांना टोकियोंत आधींच गांवढळ समजलें जाई. आपली विद्या टिकवावयाची तर तिला यजमानाचे कपडे घालणें त्यांना भाग होतें. ह्या तडजोडीमुळें विद्या जगली, पण तिच्या जन्माचा दाखला पुसट झाला. पुढें १९४५ च्या लढाईंत शुरीचा राजवाडा आणि त्याबरोबर असंख्य कागदपत्रें जळालीं, बेटावरील माणसें हजारोंनीं मेलीं, आणि जें तोंडीं होतें तेंहि पुष्कळसें त्यांच्याबरोबर गेलें. आज आपण कुळाचा वाद घालतों त्याचें एक कारण हें आहे कीं, कूळ सांगणारे कागद आणि माणसें एकाच वणव्यांत सांपडलीं.

नांवावरून मूळ ठरवूं पाहणाऱ्यांनीं आपल्याच आखाड्यांत डोकावून पाहावें. ‘कुस्ती’ आणि ‘पैलवान’ हे शब्द फारसी, ‘तालीम’ हा अरबी. परंतु कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या नांवावर असलेल्या बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लास’ ह्या संस्कृत ग्रंथांत मल्लांच्या झुंजींचें सविस्तर वर्णन आहे. मग आमची कुस्ती इराणची कीं इथली? लाल मातींत उतरणाऱ्या मल्लास हा प्रश्न पडत नाहीं. तो हनुमंताला नमस्कार करतो आणि फारसी नांवाचा खेळ मराठींत खेळतो. ज्यांनीं दिलें त्यांचें ऋण त्यामुळें नाहींसें होत नाहीं, आणि ज्यांनीं घेऊन पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळला त्यांचा हक्कहि कमी होत नाहीं.

कराटेविषयीं आमचा निर्णय असा आहे. तिचें बी बऱ्याच अंशीं फूज्यानचें आहे. तिची माती ओकिनावाची आहे. तिला आजचा आकार देणारी कात्री जपानची आहे. हिंदुस्थानचा हात तिच्यांत दाखविण्यास आज आधार नाहीं, आणि तो दाखविण्याची आपणांस गरजहि नाहीं. चीनने हिंदुस्थानकडून काय घेतलें, ह्याची नोंद बौद्ध ग्रंथांच्या हजारों भाषांतरांत आणि फाहियान व ह्युएनत्संग ह्यांच्या प्रवासवर्णनांत स्वच्छ लिहिलेली आहे. खऱ्या दानाचा असा कागद हातीं असतांना, दुसऱ्याच्या पेढीवर आपल्या नांवानें खोटें जमाखर्च कशासाठीं लिहावयाचें? तें लिहितांना जें नांव खोडलें जातें, तें चीनचें किंवा जपानचें नसतें. तीं बलाढ्य राष्ट्रें आहेत आणि त्यांचीं नांवें सहसा खोडलीं जात नाहींत. खोडलें जातें तें, दोन धन्यांच्या मध्यें उभ्या असलेल्या एका लहान बेटाचें.

त्या बेटानें आपलें नांव पुन्हां लिहिण्यास आरंभ केला आहे, ही समाधानाची गोष्ट होय. २००५ मध्यें ओकिनावाच्या प्रांतिक विधिमंडळानें २५ ऑक्टोबर हा कराटेचा दिवस म्हणून ठरविला. नांव बदलण्याच्या बैठकीचाच हा दिवस आहे, हें विशेष. २०२१ मध्यें टोकियोच्या ऑलिंपिक सामन्यांत ही विद्या प्रथमच खेळली गेली, तेव्हां पुरुषांच्या काताचें सुवर्णपदक कियुना र्‍यो ह्या ओकिनावाच्याच खेळाडूनें मिळविलें. आमच्या पटांगणावर रांगेनें उभ्या राहणाऱ्या मुलांस त्यांच्या शिक्षकांनीं आघात शिकवावेतच. पण ‘सेसान’ असा हुकूम देतांना, हा फूज्यानचा तेरा आहे आणि तो ओकिनावाच्या लोकांनीं आपणांसाठीं जपून ठेविला, एवढें एक वाक्य त्यांना सांगितलें, तर त्या बेटाचें ऋण थोडें तरी फिटेल.